सायलेन्सर आतून सडतो : आवाजावरून बिघाड ओळखणे आणि दुरुस्त करणे

डोंबिवलीत राहून मुंबईत नोकरी करणाऱ्या माणसाची गाडी फारशी धावत नाही. माझी सीएनजीवर चालणारी गाडी गेली कित्येक वर्षे सकाळी घरापासून स्टेशनपर्यंत दोन किलोमीटर जाते, दिवसभर तिथेच उभी राहते आणि संध्याकाळी तेवढेच अंतर कापून परत येते. इतक्या कमी वापरात सायलेन्सरसारख्या, एकही फिरता भाग नसलेल्या वस्तूला काय होणार, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात मीटरवर चाळीस हजार किलोमीटरही झालेले नसताना तो फुटला. पहिल्या गॅरेजात मला सांगण्यात आले की, गाडी पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून घातली असणार. ती घातलेली नव्हती. ज्या पाण्याने सायलेन्सर खाल्ला ते गाडीनेच तयार केले होते, आणि गाडी कमी चालली हेच त्यामागचे मुख्य कारण होते.

हे विधान विचित्र वाटेल, म्हणून आधी थोडे रसायनशास्त्र पाहू. पेट्रोल म्हणजे कार्बन आणि हायड्रोजन यांच्या संयुगांचे मिश्रण. ते जळले की कार्बनचा कार्बन डायऑक्साइड होतो आणि हायड्रोजनचे पाणी होते. एक लिटर पेट्रोल जळल्यावर साधारण एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडते. सीएनजीत मुख्यतः मिथेन असतो आणि मिथेनच्या रेणूत एका कार्बनमागे चार हायड्रोजन असल्यामुळे तिथे पाण्याचे प्रमाण आणखी वाढते : एक किलो मिथेन जळला की सव्वादोन किलो पाणी तयार होते. सायलेन्सर चांगला तापलेला असेल तर ही वाफ कुठेही न थांबता बाहेर निघून जाते. मात्र पत्रा साधारण 50 अंश सेल्सिअसच्या खाली असेपर्यंत ती त्याच्यावर आतून निवते, जशी भाताच्या पातेल्यावरच्या झाकणाला आतून वाफ निवते. दोन किलोमीटरच्या फेरीत इंजिन कसेबसे गरम होते, पण सायलेन्सरच्या मागच्या डब्यापर्यंत पुरेशी उष्णता पोहोचण्याआधीच गाडी बंद होते, आणि आत जमलेले पाणी तिथेच राहते. त्यात धुरातली नायट्रोजनची ऑक्साइडे, कार्बन डायऑक्साइड आणि थोडेफार गंधकाचे अंश विरघळतात, त्यामुळे ते नुसते पाणी न राहता सौम्य आम्ल होते. 1 एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या बीएस-6 मानकाच्या इंधनात गंधकाची मर्यादा दहा लाख भागांत 50 वरून 10 भागांवर आली, त्यामुळे आम्लाचा जोर थोडा कमी झाला असेल. पाणी मात्र तेवढेच आहे.

सकाळी गाडी सुरू केल्यावर सायलेन्सरच्या तोंडातून पाण्याचे थेंब उडताना दिसले की बरेच लोक घाबरतात आणि हेडचे पॅकिंग, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाखालची सील, गेल्याची शंका घेतात. थंड इंजिनात हे पाणी दिसणे अगदी नेहमीचे आहे. दहा-पंधरा मिनिटे चालल्यानंतरही पांढरा धूर येतच राहिला, त्याला गोडसर वास असला आणि रेडिएटरमधले पाणी कमी होत गेले, तरच ती शंका खरी समजावी.

इंजिनापासून तोंडापर्यंत

बोली भाषेत आपण सगळ्याच नळीला सायलेन्सर म्हणतो, आणि इथेच घोटाळा सुरू होतो. कारण बिघाड पुढे असतो आणि बदलला जातो मागचा डबा. प्रत्यक्षात ही एक लांब साखळी आहे. इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरमधून निघणारा धूर प्रथम एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये एकत्र येतो. मॅनिफोल्ड आणि इंजिन यांच्यामध्ये एक पॅकिंग असते. त्यानंतर धुरातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिजन सेन्सर आणि विषारी वायू जाळणारा कॅटलिटिक कन्व्हर्टर येतात. कन्व्हर्टरमध्ये मधाच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रे असलेला चिनी मातीच्या जातीचा ठोकळा असतो आणि त्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा पातळ थर दिलेला असतो. त्यापुढे जाळीदार लवचीक नळी असते, जिला मेकॅनिक ‘बेलो’ म्हणतात. इंजिन हलते आणि मागची नळी हलत नाही, त्या दोघांमधला धक्का ही नळी सोसते. मग लांब नळी, बहुतेक गाड्यांत मधला लहान डबा, आणि शेवटी मागचा मोठा डबा. ही सगळी साखळी गाडीच्या पोटाला रबरी हँगरांवर टांगलेली असते.

आवाज कसा मरतो, हेही थोडक्यात समजून घेतले पाहिजे, कारण त्यावरच पुढचे निदान उभे आहे. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा धूर बाहेर फेकतो. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असेल तर धुराचे सेकंदाला 100 फटके बसतात. तेच उभ्या गाडीत 800 फेऱ्यांवर सुमारे 27 बसतात. प्रत्येक फटका म्हणजे दाबाची एक लाट. मागच्या डब्यात ही लाट छिद्रे पाडलेल्या नळ्यांतून एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात जाते, भिंतींवर आपटून परत फिरते, आणि परतणारी लाट येणाऱ्या लाटेच्या उलट्या टप्प्यात भेटली की दोघी एकमेकींना बऱ्याच अंशी रद्द करतात. उरलेला तीव्र, चिरका आवाज काही डब्यांत भरलेली काचेच्या किंवा दगडी तंतूंची लोकर शोषून घेते. याचा अर्थ असा की, आवाज मारण्याचे काम आतल्या पातळ पडद्यांचे आणि नळ्यांचे आहे, बाहेरच्या जाड पत्र्याचे नाही. आणि पाणी प्रथम याच पातळ भागांना खाते.

आमच्या भागातल्या एका वेल्डरने माझा काढलेला डबा गॅस कटरने उभा कापून दाखवला तेव्हा ही गोष्ट मला खऱ्या अर्थाने समजली. बाहेरून त्या डब्याला फक्त खालच्या शिवणीवर एक बोटभर लांबीची भेग होती आणि वरचा रंगसुद्धा बऱ्यापैकी शाबूत होता. आत मात्र मधला पडदा खालच्या बाजूने दोन बोटे नाहीसा झाला होता, कडा पापडासारखी ठिसूळ होऊन हाताने तुटत होती, आणि तळाशी लालसर काळा चिखल साचलेला होता. कापण्याआधी डबा तिरपा केला तेव्हा त्यातून अर्धा पेला तरी पाणी सांडले होते. डब्याच्या तळाला कंपनीने पाडलेले एक बारीक छिद्र असते, जे पाण्याचा निचरा व्हावा म्हणूनच ठेवलेले असते. माझ्या डब्यात ते काजळी आणि गंज यांनी पूर्ण बुजले होते. हे छिद्र लक्षात ठेवण्यासारखे आहे, कारण गाडी खालून पाहताना तिथून थोडा धूर येताना दिसतो आणि उत्साही कारागीर ‘गळती’ म्हणून तेच वेल्डिंगने बंद करून टाकतो. तसे केल्यास आधीच पाण्यात बुडालेल्या डब्याचा शेवटचा मार्गही बंद होतो.

आवाज किती यापेक्षा तो कधी येतो

गॅरेजात गेल्यावर आपण बहुधा एवढेच सांगतो की, गाडी आवाज करते. मेकॅनिकला खरे तर दुसरीच माहिती हवी असते : आवाज थंड इंजिनात येतो की गरम, उभ्या गाडीत येतो की चालत्या, ॲक्सिलरेटर दाबताना येतो की सोडताना, आणि खड्ड्यात गाडी आदळली की येतो का. या प्रश्नांची उत्तरे घरूनच नोंदवून नेली तर निम्मे निदान झालेले असते.

सकाळी पहिल्या स्टार्टला बॉनेटखालून बारीक ‘टिक-टिक’ ऐकू येते, गाडी चढाला लागली की ती वाढते आणि पाच-दहा मिनिटांत पूर्ण नाहीशी होते, असे असेल तर मॅनिफोल्डचे पॅकिंग गेलेले असण्याची किंवा मॅनिफोल्डला बारीक तडा गेलेला असण्याची शक्यता मोठी आहे. धातू तापला की प्रसरण पावतो आणि फट आपोआप बुजते, म्हणून गरम इंजिनात हा आवाज सापडत नाही. दुपारी गॅरेजात नेलेली गाडी ‘काही नाही, नीट आहे’ म्हणून परत पाठवली जाते ती यामुळेच. या आवाजाची गल्लत टॅपेटच्या, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाच्या, आवाजाशी नेहमी होते आणि त्यालाही कारण आहे. एका सिलिंडरच्या तोंडाशी असलेली गळती इंजिनाच्या दोन फेऱ्यांत एकदाच ‘टिक’ करते आणि व्हॉल्व्हही दोन फेऱ्यांत एकदाच उघडतो, त्यामुळे दोन्ही आवाजांचा ठेका हुबेहूब एकच असतो. फरक वागण्यात आहे : टॅपेटचा आवाज गाडीवर ताण आला म्हणून फारसा वाढत नाही, गळतीचा वाढतो. गाडी रात्रभर गॅरेजात ठेवून सकाळी मेकॅनिकसमोर स्टार्ट करणे हा सर्वांत खात्रीचा उपाय आहे. त्या वेळी पॅकिंगच्या कडेला काजळीचा काळा ओघळ दिसला तर टॅपेटला हात लावण्याची गरज नाही.

खालून, ड्रायव्हरच्या पायांच्या जवळपास, जाड ‘भर्रर’ असा आवाज येत असेल आणि पहिल्या गिअरमध्ये गाडी उचलताना तो सर्वांत जास्त असेल, तर बेलोची जाळी फाटलेली असते किंवा मधल्या नळीचा सांधा सुटलेला असतो. बेलो फाटण्यामागे पुष्कळदा इंजिनाचे रबर माउंटिंग बसलेले असते. इंजिन प्रमाणाबाहेर हलू लागले की बेलो वारंवार वाकून थकते. माउंटिंग न पाहता नुसती बेलो बदलली तर काही महिन्यांत तेच काम पुन्हा करावे लागते.

आवाज सरळ मागून, पोकळ आणि घुमणारा येत असेल तर मागचा डबा फुटला आहे किंवा आतला पडदा निसटला आहे. या दोन शक्यता वेगळ्या करण्यासाठी गाडी पूर्ण थंड असताना डब्यावर हाताची मूठ हलकेच आपटावी. आत काही सुटलेले असेल तर पत्र्याच्या डब्यात खडा हलवल्यासारखा आवाज येतो. तसाच खडखडाट पुढच्या बाजूला कन्व्हर्टरमधून आला तर आतला ठोकळा फुटलेला असतो, आणि ही गोष्ट जास्त खर्चिक आहे. ठरावीक वेगालाच, समजा दर वेळी 2000 फेऱ्यांच्या आसपास, पत्रा थरथरल्यासारखा बारीक आवाज येत असेल आणि थोडा वेग वाढवताच तो थांबत असेल, तर बहुधा सायलेन्सरला काहीही झालेले नसते. त्याच्यावर बसवलेल्या उष्णतारोधक पत्र्याचा एक बोल्ट गंजून पडलेला असतो आणि मोठ्या वॉशरने किंवा रुंद क्लॅम्पने ते काम दहा मिनिटांत होते. गतिरोधकावर ‘ठक्क’ असा एकच ठोका बसत असेल तर हँगरचे रबर तुटलेले असते. हे रबर स्वस्त असते म्हणून दुर्लक्ष होते, पण एका रबराचे वजन दुसऱ्यावर पडते आणि शेवटी नळीचा सांधाच तुटतो.

बिघाडाचा एक प्रकार असाही आहे की ज्यात आवाज वाढत नाही, उलट कमी होतो. गाडी घाटात ओढत नाही, ॲक्सिलरेटर दाबूनही ठरावीक वेगापुढे जात नाही, इंजिन अधिक तापते आणि सायलेन्सरच्या तोंडाशी हवेचा झोत नेहमीपेक्षा मंद लागतो. अशा वेळी वाट तुंबलेली असते. बहुतेकदा कन्व्हर्टरचा ठोकळा वितळलेला असतो. स्पार्क प्लग किंवा इग्निशन कॉइल खराब असल्यामुळे न जळलेले इंधन पुढे जाते आणि कन्व्हर्टरमध्येच पेट घेते. मूळ मिसफायर, म्हणजे इंधन न पेटण्याचा दोष, न सुधारता नवा कन्व्हर्टर बसवणे म्हणजे तोही जाळून घेणे होय.

घरी करता येण्याजोगी तपासणी

गळती शोधण्याची सर्वांत सोपी रीत जुनी आहे आणि आजही चांगली चालते. गाडी उघड्या जागेत, सपाट जमिनीवर, हँडब्रेक ओढून आणि न्यूट्रलमध्ये ठेवून, इंजिन नुकतेच सुरू केलेले असताना ही तपासणी करावी, म्हणजे तोंड तापलेले नसते. जाड सुती फडक्याची घडी करून, हातात चामड्याचे हातमोजे घालून, ती सायलेन्सरच्या तोंडावर काही सेकंद दाबून धरावी आणि दुसऱ्या माणसाने गाडीच्या कडेने, खाली न जाता, कान देऊन चालावे. साखळी धड असेल तर फडके हाताला जोराने मागे ढकलते आणि इंजिनाचा आवाज दबतो. कुठे भोक असेल तर फडक्यावर दाब येतच नाही आणि त्या जागी ‘फुस्स’ किंवा ‘फट-फट’ स्पष्ट ऐकू येते. माझ्या गाडीच्या वेळी फडके हाताला जेमतेम जाणवत होते आणि मागच्या उजव्या चाकाजवळच्या धुळीत फुंकर मारल्यासारखी एक छोटी रेघ उमटत होती. भेग नेमकी तिच्या वर होती. थंड सांध्यांवर साबणाचे पाणी ओतूनही बारीक गळतीचे बुडबुडे दिसतात.

पत्रा किती उरला आहे हे पाहण्यासाठी पेचकसाच्या मुठीने नळीवर आणि डब्यावर जागोजागी टकटक करावी. धड पत्रा खणखणीत वाजतो, सडलेला बद्द वाजतो, जसा भाजलेला आणि कच्चा माठ वाजवून ओळखतात. जिथे बद्द आवाज येईल तिथे पेचकसाचे टोक बेताने दाबून पाहावे. ते आत गेले तर वेल्डिंगचा विषयच संपला. वरवरच्या तपकिरी थराला मात्र घाबरू नये. बऱ्याच कंपन्या सायलेन्सरसाठी जे कमी क्रोमियमचे स्टेनलेस स्टील वापरतात त्यावर असा रंग लवकर चढतो आणि वर्षानुवर्षे तसाच राहतो.

यासाठी गाडीखाली जावे लागत असेल तर रॅम्पवर किंवा गॅरेजच्या खड्ड्यावरच जावे. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, एका मिनिटासाठीही, शिरू नये. जॅक चाक बदलण्यासाठी दिलेला असतो आणि तो सरकतो. घरी उचलायचीच असेल तर भक्कम लोखंडी घोड्यांवर (जॅक स्टँडवर) गाडीचे वजन टेकवावे.

आवाजापेक्षा मोठा धोका

आवाजाने शेजारी त्रासतात, पण गळतीचे खरे संकट गाडीच्या आत असते. धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो; त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट जुळतो. कन्व्हर्टर हा वायू बऱ्याच अंशी जाळून टाकतो, पण तो साधारण 250 ते 300 अंश सेल्सिअसपर्यंत तापल्याखेरीज नीट काम करत नाही, आणि गळती मॅनिफोल्डपाशी असेल तर धूर कन्व्हर्टरपर्यंत पोहोचतच नाही. तो बॉनेटखाली पसरतो आणि ताज्या हवेच्या वाटेने केबिनमध्ये येतो. मागच्या बाजूची गळती डिकी अर्धवट उघडी ठेवून सामान नेताना सर्वांत धोकादायक ठरते, कारण चालत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि धूर उलटा आत ओढला जातो. प्रवासात सगळ्यांनाच एकदम डोके दुखू लागले, मळमळ किंवा सुस्ती आली आणि उतरल्यावर बरे वाटले, तर गाडी लागली असे म्हणून सोडून देऊ नये. काचा उघडाव्यात, गाडी थांबवून बाहेर यावे आणि सायलेन्सर तपासल्याशिवाय एसी लावून बंद गाडीत बसून राहू नये.

दुसरा परिणाम खिशावर होतो. ऑक्सिजन सेन्सरच्या आधी गळती असेल तर धुराच्या दोन फटक्यांच्या मधल्या क्षणात दाब घसरतो आणि बाहेरची हवा त्या फटीतून आत शोषली जाते. सेन्सरला वाटते की इंधन कमी पडत आहे. तो तसे संगणकाला कळवतो आणि संगणक विनाकारण जास्त इंधन देऊ लागतो. ॲव्हरेज घटते, कधी डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो आणि बिचारा सेन्सर बदलला जातो. पॅकिंगचा खर्च त्या सेन्सरच्या तुलनेत किरकोळ असतो.

वेल्डिंग की नवा डबा

निर्णय पत्र्यावर सोपवावा. भेग एकाच जागी, सांध्यावर किंवा ब्रॅकेटजवळ असेल आणि आजूबाजूचा पत्रा खणखणीत वाजत असेल, तर वेल्डिंगचे थिगळ बरीच वर्षे टिकते. शिवण तळाशी सडलेली असेल तर तिला टाके मारणे व्यर्थ आहे. वितळलेल्या धातूला धरायला पत्राच उरलेला नसतो, एक भोक बुजवताना शेजारी दुसरे पडते, आणि आतला पडदा तर कोणालाच बाहेरून शिवता येत नाही. माझ्या डब्यालाही आधी एकदा थिगळ मारले होते. ते अडीच महिने टिकले. डबा काढला तेव्हा थिगळ तसेच होते, त्याच्या कडेचा पत्रा मात्र गळून गेला होता.

वेल्डिंग करायचे ठरले तर तीन गोष्टींचा आग्रह धरावा. नळीचे काम गाडीवरच करावे लागणार असेल तर बॅटरीची ऋण टोकाची वायर आधी काढावी आणि वेल्डिंगची अर्थिंग कामाच्या अगदी जवळ जोडावी, नाहीतर गाडीच्या संगणकाला झळ पोहोचू शकते. मागचा डबा पेट्रोलच्या टाकीच्या आणि सीएनजी गाडीत नळकांड्याच्या शेजारी असतो, म्हणून डबा गाडीवरून उतरवूनच वेल्डिंग करावे. आणि थिगळासाठी जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा वापरू देऊ नये. त्याचा धूर वेल्डरच्या छातीत जातो आणि टाकाही नीट धरत नाही. प्रवासात अचानक फुटला तर उष्णता सोसणारी सायलेन्सरची पेस्ट, पत्र्याची पट्टी आणि दोन क्लॅम्प यांवर घरापर्यंत येता येते. घरगुती एपॉक्सी पुट्टी तिथे वापरू नये, ती त्या तापमानाला जळून गळून पडते.

नवा डबा बसवताना कौशल्य बसवण्यात कमी आणि जुना काढण्यात जास्त लागते. गंजलेल्या नटांवर गंज सैल करणारे तेल आदल्या रात्रीच मारून ठेवावे. तरीही बोल्ट तुटतातच, तेव्हा नवे बोल्ट, नवे पॅकिंग आणि नवी हँगर रबरे आधीच आणून ठेवावीत. जुने पॅकिंग पुन्हा वापरणे ही बचत नव्हे. सगळी साखळी प्रथम ढिली टांगून, नळी कुठेही ॲक्सलला, हँडब्रेकच्या केबलला किंवा चासिसला टेकत नाही हे पाहून, मग पुढून मागे एकेक सांधा आवळत यावे. उलट केले तर ताण सांध्यात अडकून राहतो आणि पहिल्याच महिन्यात गळती सुरू होते. इंधनाच्या नळीपासूनचे अंतरही पाहावे. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील नियम 113 नुसार ते 35 मिलिमीटरपेक्षा कमी असता कामा नये. रबर हँगरात चढत नसेल तर साबणाचे पाणी लावावे, तेल किंवा ग्रीस लावू नये, कारण त्याने रबर फुगते. नवा डबा पहिल्यांदा तापला की त्यावरचे तेल आणि रंग जळून थोडा धूर आणि वास येतो, तो काही मिनिटांत थांबतो.

गॅरेजात एक सल्ला हमखास मिळतो आणि तो विनम्रपणे नाकारावा : ‘साहेब, कन्व्हर्टर काढून सरळ पाइप टाकू या, गाडी पळेल.’ कन्व्हर्टर काढल्याने प्रदूषण वाढते, पीयूसीत गाडी अडकू शकते, नव्या गाड्यांत दुसरा ऑक्सिजन सेन्सर चूक दाखवत राहतो, आणि काढलेला कन्व्हर्टर त्यातल्या मौल्यवान धातूंमुळे भंगारात चांगल्या किमतीला जातो, ही बाब सल्ला देणाऱ्याला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असते. मुद्दाम आवाज करणारे सायलेन्सर बसवणाऱ्यांसाठीही कायदा स्पष्ट आहे. वरील नियमावलीतील नियम 120 नुसार प्रत्येक वाहनाला आवाज शक्य तितका कमी करणारा सायलेन्सर असलाच पाहिजे, आणि मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 190(2) खाली आवाजाच्या व हवेच्या प्रदूषणाच्या मर्यादा मोडल्यास 2019 च्या दुरुस्तीनंतर 10,000 रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. गंजून फुटलेल्या सायलेन्सरची कानाला ऐकू येणारी निष्पत्ती फार वेगळी नसते, म्हणून दुरुस्ती लांबणीवर टाकू नये.

माझ्या गाडीला शेवटी नवा डबा बसला. जुन्यातला चिखल पाहिल्यापासून मी दोन सवयी बदलल्या. दर दोन-तीन महिन्यांनी, गाडी रॅम्पवर असली की, डब्याच्या तळाचे ते बारीक छिद्र तारेने मोकळे करून घेतो. आणि दर रविवारी सकाळी गाडी कल्याणमार्गे बदलापूरपर्यंत नेऊन आणतो. निघताना सायलेन्सरच्या तोंडातून पाणी टपकत असते. उल्हासनगर मागे पडेपर्यंत ते थांबलेले असते, आणि परत आल्यावर तोंडाच्या आत बोट फिरवले तर ते कोरडे निघते.